लहानच राहा, सांगणारा रस

कुंडीतला कढीपत्ता ओरबाडल्यासारखा दिसू लागला की घरचे फवारा शोधतात, मी भिंग शोधते. कोवळ्या पानावर पक्ष्याच्या शिटेचा ओलसर, तपकिरी-पांढरा ठिपका असतो. टक लावून पाहिलं की तो पान कुरतडताना दिसतो. ही लिंबावरच्या फुलपाखराची अळी. लिंबू आणि कढीपत्ता एकाच कुळातले, तिला दोन्ही चालतात. आणि शीट खायला कोण येणार?

अळीची कातडी एका मर्यादेपलीकडे ताणत नाही, म्हणून वाढायचं तर कात टाकायची. चौथी कात टाकल्यावर ती शिटेचं सोंग सोडून हिरवीगार होते. आता काडीने डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. (पाहुण्यांना दाखवायचा आमचा आवडता खेळ. अळीचा नसावा.)

मग पाचव्या कातीतून पुन्हा अळीच का निघत नाही? याचा धागा ब्रिटिश शास्त्रज्ञ व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांना 1930 च्या दशकात ऱ्होडनियस या रक्तपिप्या किड्यात सापडला. या किड्याला कोष नसतो, पिल्लू कात टाकत टाकतच मोठं होतं. डोकं छाटलं तरी ते बरेच दिवस जगतं. असं एक बिनडोक पिल्लू त्यांनी शेवटची कात टाकायला आलेल्या किड्याला जोडलं. दोघांचं रक्त एक झालं, आणि पिल्लाचा झाला चिमुकला प्रौढ! म्हणजे कात टाकायला लावणारं संप्रेरक वेगळं, आणि ‘अजून लहानच राहा’ म्हणणारं वेगळं. हे दुसरं मेंदूमागच्या इवल्या ग्रंथीतून येतं. अळीतही तेच घडतं. ते आटलं, की पुढची कात कोषाची.

कोषात अळीचं नुसतं पाणी होतं, असं सर्रास सांगतात. बरंचसं शरीर मोडतं हे खरं, पण पंखांचे अंकुर अळीच्या अंगात आधीपासून असतात आणि मेंदूही पुरता पुसला जात नाही. 2008 मध्ये अमेरिकेत तंबाखूवरच्या पतंगाच्या अळ्यांना एक ठरावीक वास देऊन लगोलग विजेचा झटका दिला गेला. शेवटच्या टप्प्यात हा धडा शिकलेल्या अळ्यांचे पतंग झाले, तरी बहुतेक तो वास टाळत होते. त्याआधीच्या, लहान वयात शिकलेल्या अळ्यांचे पतंग मात्र तो धडा विसरले.

आमच्याकडचा कोष गॅलरीच्या गजाला रेशमाच्या पट्ट्याने टेकून होता. एका सकाळी उठून बघते तर टरफल रिकामं, शेजारी चुरगळलेले पंख हळूहळू उलगडत होते, आणि खाली फरशीवर गढूळ थेंब: कोषातल्या दिवसांत पोटात साठलेली घाण.