शेअर फोल्डरची वीसची मर्यादा आली कुठून?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचं ऑफिस असो की नवी पेठेतल्या कर सल्लागाराचं, मांडणी बहुधा सारखीच असते. त्यातल्या त्यात चांगला कॉम्प्युटर ‘सर्व्हर’ ठरवायचा, त्यावरचं टॅलीचं फोल्डर शेअर करायचं आणि बाकीच्यांनी तिथून काम करायचं. पाच-सात जणांपर्यंत हे सुरळीत चालतं. माणसं वाढली की एखाद्या सकाळी उशिरा आलेल्याला फोल्डर उघडतच नाही. या कॉम्प्युटरला आणखी कनेक्शन घेता येणार नाही, एवढंच दिसतं. मग केबल बदलतात, स्विच बदलतात, फॉरमॅटही मारतात. हा खर्च पाहून वाईट वाटतं, कारण तिथे बिघडलेलं काहीच नसतं. साध्या विंडोजवरचं शेअर फोल्डर एका वेळी वीसच कनेक्शन घेतं, एवढंच.

फाइल शेअर करण्याची एसएमबी ही पद्धत आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी १९८० च्या दशकात आखली. दहा-वीसची अट त्या पद्धतीत नाही. ती आली विंडोज एनटी या मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसांसाठीच्या जुन्या विंडोजच्या विक्रीतून. एनटीचा गाभा एकच, पण वर्कस्टेशन (एकेकट्याच्या टेबलासाठी, स्वस्त) आणि सर्व्हर (महाग) अशा दोन आवृत्त्या दोन किमतींना विकायच्या होत्या. स्वस्त आवृत्तीवर कुणी सर्व्हर चालवू नये म्हणून तिला एका वेळी दहाच कनेक्शन घेण्याची मुभा दिली. १९९६ मध्ये एनटी ४.० च्या चाचणी आवृत्तीत हीच अडवणूक इंटरनेटवरून येणाऱ्यांवरही घातली गेली. प्रकाशक टिम ओरायली यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला, तेव्हा ती कोडमधून निघाली आणि लायसन्सच्या मजकुरात राहिली. फाइल शेअरिंगची दहाची मर्यादा मात्र हलली नाही.

पुढे विंडोज एक्सपी प्रोफेशनलला १०, एक्सपी होमला तर ५ च. २००९ मध्ये विंडोज ७ आलं तेव्हा आकडा २० झाला आणि विंडोज १० व ११ मध्येही तोच आहे.

गोंधळ वाढतो तो मोजणीमुळे. वीस म्हणजे वीस माणसं नव्हेत. स्कॅन थेट फोल्डरमध्ये टाकणारं झेरॉक्स मशीन मोजलं जातं, साहेबांचा लॅपटॉपही. रिकामं बसलेलं कनेक्शन मुळात पंधरा मिनिटांनी आपोआप तुटतं, पण टॅलीने फाइल उघडी धरली असेल तर तुटत नाही. शिवाय टॅलीचं गोल्ड लायसन्स एका ऑफिसच्या लॅनवर (आतल्या नेटवर्कवर) कितीही जणांना चालतं, त्यामुळे आपल्याला मर्यादाच नाही असा समज होतो. टॅलीची परवानगी आणि विंडोजची अट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी त्या सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये शेअर्ड फोल्डर्सखाली सेशन्स उघडून पाहावं. कोण कधीपासून जोडलेलं आहे ते तिथे दिसतं; नको ते सेशन तिथूनच बंद करता येतं, फक्त त्यावर उघडी फाइल नाही याची आधी खात्री करावी. यादी रोजच विसाला भिडत असेल, तर विंडोज सर्व्हर त्याच्या क्लायंट लायसन्ससह (त्याला जोडणाऱ्यांसाठीच्या परवान्यांसह) घ्यावा लागतो. निव्वळ फाइल ठेवायच्या असतील तर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकून त्यावर सांबा पुरतं. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू केलेल्या या मोफत सॉफ्टवेअरमध्ये अशी मर्यादा मुळातच घातलेली नाही.