रॅम वाढवली की जुना कॉम्प्युटर पळतो?

"कॉम्प्युटर स्लो झालाय? रॅम टाकून घे." हा सल्ला इतकी वर्षं फिरतोय की लोक दुरुस्तीवाल्याकडे निदान ठरवूनच जातात. पण रॅम, म्हणजे चालू काम धरून ठेवणारी तात्पुरती मेमरी, कमी पडत असेल तरच ती वाढवून फरक पडतो. जुन्या मशीनमध्ये बहुतेकदा अडथळा असतो हार्ड डिस्कचा.

तिच्यातली तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते आणि वाचणारा हेड जागा शोधत सरकतो. एकेका शोधाला साधारण १० मिलिसेकंद जातात, आणि विंडोज सुरू होताना असे हजारो शोध घ्यावे लागतात. एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे एकेक शोध साधारण शंभरपट लवकर उरकतो. जुन्या साटा पोर्टवर (डिस्क जोडायच्या जागेवर) तिचा पूर्ण वेग मिळत नाही हे खरं, तरीही फरक पहिल्याच दिवशी कळतो.

खात्री करायला कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली आणि मेमरी निम्मी रिकामी दिसली, तर रॅमचे पैसे वाया. मेमरीच ९० टक्क्यांच्या पुढे असेल तर मात्र रॅम जरूर घ्या. फक्त आधी प्रकार बघा, डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या वेगळ्या पिढ्या, एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही.

प्रोसेसर बदलायचा विचार सहसा सोडाच. त्यापाठोपाठ बहुतेकदा मदरबोर्ड आणि रॅमही बदलावी लागते. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचाच प्रोसेसर चालतो. त्याआधीच्या मशीनवर एसएसडी टाकून लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी वापरायची मोफत सिस्टीम, छान चालतं. पण टॅली विंडोजसाठीच बनलेलं आहे, त्यामुळे ऑफिसात ते लागत असेल तर नवं मशीन घ्या.