बाटली उघडायच्या आधी दोन मिनिटं हे वाचा

नमस्कार. खोक्यात जी बाटली आलीय तिच्यात सोन्याचे किंवा चांदीचे नॅनोकण पाण्यात तरंगतायत. पहिल्यांदा घेणारे बहुतेक जण फोन करून एकच विचारतात, की सर सोनं मागवलं होतं आणि हे तर डाळिंबाच्या रसासारखं लाल आलंय, बाटली बदलली का? नाही बदलली. लालच पाहिजे, पिवळं आलं असतं तर आम्हीच घाबरलो असतो.

कामून म्हणताल तर, गणपतीच्या मिरवणुकीत डीजे घरासमोरून गेला की सगळं घर हलत नाही, एखाद्याच खिडकीची काच एका ठराविक सुरावर खडखडते, बाकीच्या गप्प. तसंच सोन्याच्या कणातले मोकळे इलेक्ट्रॉन एका ठराविक रंगाच्या प्रकाशावर जोरात हलतात, त्यालाच रेझोनन्स म्हणायचं. 20 नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) गोल सोन्याला तो साधारण 520 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला येतो, म्हणजे हिरवा प्रकाश कण खाऊन टाकतो आणि आपल्याकडं लाल पोचतो. चांदीचा 400 च्या आसपास, म्हणून चांदीची बाटली पिवळी. (रिपोर्टमधला ‘पीक’ म्हणजे ग्राफवरचं शिखर, सोयाबीनचं नाही, हे पण एकानं विचारलंय!)

मायकल फॅरेडेनं 1857 मध्ये असंच लाल सोनं बनवून सांगितलं होतं की रंग बारीक कणांमुळं आहे, आणि 1908 मध्ये गुस्ताव मी (Mie) नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं गोल कणाचं पूर्ण गणित मांडलं, तेच गणित आम्ही आजही तुमची ऑर्डर आली की कॉम्प्युटरवर चालवतो. फॅरेडेच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून लाल आहेत म्हणे, पण आम्ही गॅरंटी 6 महिन्यांचीच देतो, आमच्या फ्रिजला लोडशेडिंग आहे.

आता ऑर्डर देताना काय सांगायचं. साइज सांगाच, कारण लहान कणांमध्ये व्यास दुप्पट केला की प्रकाश शोषायचं 8 पट वाढतं पण स्कॅटरिंग, म्हणजे प्रकाश इकडंतिकडं उधळायचं, 64 पट वाढतं. म्हणून 20 वाली बाटली स्वच्छ लाल दिसते आणि 100 वाली गढूळ वाटते, मागून उजेड धरला तर जांभळट आणि बाजूनं टॉर्च मारला तर तपकिरी-नारिंगी. ती खराब नाही, तशीच असते. पण नुसत्या साइजनं पीक फार सरकत नाही, 20 वरून 100 ला गेलं तरी 520 वरून 570 च्या आसपास. जास्त सरकवायचं असेल तर आकार बदलावा लागतो, लांबी जाडीच्या चौपट असलेली सोन्याची कांडी घेतली की पीक थेट 800 कडं, डोळ्याला न दिसणाऱ्या भागात जातं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेजारी कोण आहे. कणांवर सायट्रेटचा (लिंबातल्या आम्लाच्या क्षाराचा) ऋण चार्ज असतो म्हणून ते एकमेकांपासून लांब राहतात. गेल्या उन्हाळ्यात एका कॉलेजनं बाटली कमी पडली म्हणून वरून बोअरचं पाणी घातलं, आपल्याकडच्या बोअरचं पाणी कसं असतं ते किटलीच्या तळाला बघा, आणि पाच मिनिटांत लाल बाटली निळी-जांभळी झाली आणि फोन आला की माल डुप्लिकेट आहे. क्षारांनी चार्ज झाकला, कण चिकटले, आणि शेजारशेजारच्या कणांचे इलेक्ट्रॉन मिळून हलायला लागले की रेझोनन्स लाल बाजूला सरकतो, म्हणजे आता लाल प्रकाश खाल्ला जातो आणि आपल्याकडं निळा-जांभळा पोचतो. बघायचंच असेल तर एक मिली वेगळं काढून चिमूटभर मीठ टाका, मुलांना दाखवायला लई भारी आहे. पण ते परत लाल होत नाही. आमचा पण एक अख्खा बॅच नीट न धुतलेल्या फ्लास्कमुळं जांभळा होऊन गेलाय, त्या दिवशी कुणी जेवलं नाही.

सिलिकॉनचे कण आम्ही बनवत नाही, मागवून देतो. ते महाग आहेत पण काम वेगळं आहे. तिथं मोकळ्या इलेक्ट्रॉनची गरजच नाही, सिलिकॉनचा अपवर्तनांक (प्रकाश आत किती हळू होतो त्याचा आकडा) 4 च्या जवळ असल्यामुळं प्रकाश कणाच्या आतच गोल फिरतो, 150 नॅनोमीटरच्या गोळ्यात साधारण 600 नॅनोमीटरचा बरोबर बसतो, आणि त्यातून चुंबकीय रेझोनन्स मिळतो जो साध्या सोन्याच्या गोळीत मिळत नाही. इथं साइजनं खरंच रंग बदलतो, 100 ते 200 च्या मधी निळ्यापासून लालपर्यंत. कण तापतात पण कमी. विद्युत आणि चुंबकीय दोन्ही रेझोनन्स सारखे जुळले की मागं फेकला जाणारा प्रकाश जवळपास बंद होतो, हे मिल्टन कर्कर या अमेरिकन शास्त्रज्ञानं आणि त्याच्या साथीदारांनी 1983 मध्येच गणितानं दाखवलं होतं. प्रकाशाला दिशा द्यायचीय त्यांनी हे घ्यावं, नुसता रंग पाहिजे त्यांनी सोनंच घ्या, उगी पैसे घालू नका.

ठेवायचं कसं: फ्रिजमध्ये 4 डिग्रीला, फ्रीझरमध्ये अजिबात नाही, बर्फ झाला की कण चिकटले समजा. पातळ करायला फक्त डिस्टिल्ड वॉटर. चांदीची बाटली उजेडात ठेवू नका. 100 वाल्याचा तळाला थर बसला तर हळू फिरवा, तो परत मिसळतो. पिऊ नका, हे सुवर्णभस्म नाही.

रंगाची शंका आली तर बाटली फेकू नका, मागं पांढरा कागद धरून उजेडात फोटो काढा आणि लेबलवरच्या बॅच नंबरसोबत व्हॉट्सअ‍ॅपला टाका, पिवळ्या बल्बखाली काढू नका, त्यात सगळंच लाल दिसतं.