एक्सेलच्या पाच ओळी

नोव्हेंबर 2024 मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला केंद्राची मंजुरी मिळाली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये आणि सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना सुमारे 13,000 संशोधन-नियतकालिकं. चला, विज्ञान खुलं झालं, असं बरेच जण म्हणाले. खरं तर सरकारने वर्गणी भरली, एवढंच झालं. शोधनिबंध वाचायला मिळणं वेगळं आणि तो तपासायला मिळणं वेगळं.

यावर हमखास येणारी शंका म्हणजे, अर्थशास्त्र-समाजशास्त्रात तपासायचं काय? तिथे सगळी मतंच असतात ना!

मग हे बघा. 2010 साली राइनहार्ट आणि रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी मांडलं की, देशाचं सरकारी कर्ज जीडीपीच्या 90 टक्क्यांवर गेलं की आर्थिक वाढ कोसळते. अशा काळातली सरासरी वाढ उणे 0.1 टक्के. युरोपात सरकारी खर्चाला कात्री लावणाऱ्यांच्या हाती आयतंच कोलीत मिळालं. पुढे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने अभ्यासक्रमातला गृहपाठ म्हणून हाच निबंध पुन्हा करून बघायला घेतला. आकडे काही जुळेनात. त्याने मूळ लेखकांकडे एक्सेलची फाइल मागितली आणि त्यांनी ती दिली.

सरासरीचं सूत्र 30 व्या ओळीपासून 44 व्या ओळीपर्यंतच ओढलेलं होतं. जायला हवं होतं 49 पर्यंत. त्यामुळे पाच देश गळाले, त्यात बेल्जियमही. हसण्यासारखी चूक, पण खरी गोम तिच्यात नव्हती. 90 च्या वरच्या गटात उरले सात देश आणि प्रत्येक देशाच्या सरासरीला सारखंच वजन. ब्रिटनची 19 वर्षं, सरासरी वाढ 2.4 टक्के. न्यूझीलंडचं फक्त एक वर्ष, 1951, वाढ उणे 7.6 टक्के. सात देशांची सरासरी काढताना उणे 7.6 ला सातने भागा: एकट्या न्यूझीलंडच्या एका वर्षाने आकडा 1.1 अंकांनी खाली ओढला! न्यूझीलंडची 1946 ते 49 ही चांगली वर्षं हिशेबात धरलीच नव्हती. ती धरली की त्याच देशाची सरासरी अधिक 2.6 होते. सगळं दुरुस्त करून, प्रत्येक वर्षाला सारखं वजन देऊन हर्नडन आणि त्याच्या प्राध्यापकांनी 2013 मध्ये मांडलेला आकडा होता अधिक 2.2 टक्के. जास्त कर्जाच्या गटात वाढ तरीही थोडी कमीच दिसते, पण तो कडेलोट गेला. मूळ लेखकांनी एक्सेलची चूक मान्य केली, देशाला समान वजन देणं मात्र योग्यच होतं म्हणाले. म्हणोत बापडे. वजन कसं द्यायचं ही निवड आहे, लबाडी नव्हे. पण निवड दिसली तरच तिच्यावर भांडता येतं.

खुलेपणाचा दुसरा भाग म्हणजे निकाल बघण्याआधी कसोटी ठरवणं. महाराष्ट्रात हे डॉ. जयंत नारळीकर आणि अंनिसच्या मंडळींनी 2008 मध्ये करून दाखवलं. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या सरमिसळ करून ज्योतिष्यांना ओळखायला दिल्या. 27 जणांनी उत्तरं पाठवली. अचूकतेची सरासरी सुमारे 46 टक्के, म्हणजे छापा-काटाही बरा. व्हॉट्सअॅपवर 'सर्वेक्षणातून सिद्ध झालंय' म्हणून जे फिरतं, त्यालाही हाच प्रश्न विचारावा: कसोटी आधी ठरवली होती की नंतर?

मग सगळंच खुलं करायचं का? इथे गाडी अडते. माणसांची माहिती म्हणजे दगडांचे नमुने नव्हेत. वय, मूळ गाव, धंदा आणि चाळ एवढं सांगितलं की नाव नसलं तरी अख्खी चाळ माणूस ओळखते. आपल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने घेतलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 6,36,699 घरं होती. नावं काढलेली घराघरांची माहिती संशोधकांना मागून मिळते. अशा सर्वेक्षणांत वस्त्यांचे नकाशावरचे ठिपके मुद्दाम हलवलेले असतात, शहरात दोन किलोमीटरपर्यंत. दादरची वस्ती माटुंग्यात दिसू शकते. जिल्ह्याच्या हिशेबाला त्याने बाध येत नाही. पण वॉर्डांची तुलना करायला गेलात तर फसाल. मुलाखतीतल्या बोलण्याला अशी दोन किलोमीटरची सोय नाही. मुलाखत देणाऱ्या बाईच्या बोलण्यातून गावाचं नाव गाळलं तर अर्धी गोष्टच जाते. म्हणून तिथे प्रश्नावली आणि वर्गवारीचे नियम खुले ठेवावेत. ध्वनिमुद्रण बंदच राहिलं तर हरकत नाही.