जिवती, पिठोरी, बोरन्हाण: लहान मुलांच्या घरगुती सणांमागचा इतिहास

घरात लहान मूल आलं की पंचांगाकडे बघण्याची नजर बदलते. गणपती-दिवाळी तर असतेच. पण दिव्यांची अवस, श्रावणातले शुक्रवार, पिठोरी, संक्रांतीनंतरचं बोरन्हाण असे जे दिवस एरवी कॅलेंडरच्या चौकटीत बारीक अक्षरांत पडून असतात, ते अचानक आपले वाटायला लागतात. आजीचा फोन येतो, "अगं, जिवतीचा कागद आणलास का?" आणि नव्या आईला प्रश्न पडतो, की हे नेमकं काय असतं आणि कशासाठी करायचं?

या छोट्या दिवसांच्या मागे मागे जात राहिलं की त्यांतला एक समान धागा हाती लागतो. यांतले बरेचसे दिवस म्हणजे आपलं मूल जगावं म्हणून आईनं धरलेली व्रतं होती. खेळ, खाऊ आणि हौस त्यांत हळूहळू मिसळत गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी दोनशेहून अधिक बाळं वर्षाची होण्याआधीच जात. प्रत्येक घरात गेलेल्या मुलांची आठवण असे. अशा काळात मुलाला पाटावर बसवून ओवाळणाऱ्या बाईच्या मनात काय चालत असेल, हे ध्यानात घेतल्याशिवाय या सणांचा अर्थ नीट लागत नाही.

जिवतीचंच बघा. आषाढ अमावास्येला घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडतात, त्यांची पूजा होते, कणकेचे गोड दिवे उकडून तूप घालून खातात आणि त्या दिव्यांनी मुलांना ओवाळतात. बऱ्याच घरांत याच सुमारास देवघराजवळ जिवतीचा, म्हणजे मुलांना सांभाळणाऱ्या देवतेचा, चित्रांचा कागद लागतो, तो श्रावणभर राहतो. पूर्वी भिंतीवर गंधानं चित्र काढत. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा निघाली, पुढे रविवर्म्याचा छापखाना आला, आणि देवादिकांची छापील चित्रं स्वस्तात घरोघर पोहोचू लागली. आज बाजारात मिळणाऱ्या कागदावर सहसा चार चौकटी असतात: नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, जरा-जिवंतिका आणि बुध-बृहस्पती. चित्र नीट न्याहाळलं तर दिसतं, की पहिल्या चौकटीतला देव प्रल्हादाला वाचवणारा आहे, दुसरीत विषारी नागाच्या फण्यावर खुद्द एक लहान मुलगा उभा आहे आणि तिसरीतल्या बायांच्या मांडीवर, अंगाखांद्यावर मुलंच मुलं आहेत. संपूर्ण कागद मुलांच्या रक्षणाचा आहे.

यातल्या जरेची गोष्ट महाभारताच्या सभापर्वात येते. मगधाचा राजा बृहद्रथ याच्या दोन राण्यांना अर्धं-अर्धं मूल झालं. ते तुकडे चव्हाट्यावर टाकून देण्यात आले. जरा नावाच्या राक्षसीनं ते उचलून एकत्र धरले, तर जिवंत मूल तयार झालं. तोच जरासंध. पुढे जरा राजाला सांगते, की मी घराघरात राहते आणि जो मला मुलांनी वेढलेली अशी भिंतीवर भक्तीनं काढतो, त्याच्या घराची भरभराट होते. म्हणजे मुलांसह भिंतीवर रंगवलेल्या या देवतेचा धागा थेट महाभारतापर्यंत जातो. मुलं खाणारी म्हणून जिची भीती, तिलाच मुलांची राखणदार करून घरात जागा द्यायची, ही त्या काळच्या आयांची समजूत मला फार खोल वाटते.

श्रावणातल्या दर शुक्रवारी या कागदाला आघाडा-दूर्वांची माळ आणि कापसाचं वस्त्र वाहतात. पुरणाचा नैवेद्य होतो, सवाष्णींना हळदीकुंकू, दूध आणि फुटाणे देतात. मग मुलांचं औक्षण. जी मुलं परगावी असतील त्यांच्यासाठी आई चारही दिशांना अक्षता टाकते. कुठल्या दिशेला आहेत हे माहीत असलं तरी चारही दिशांना. आज तिशीतला मुलगा दुसऱ्या देशात नोकरी करत असला तरी कितीतरी आया श्रावणी शुक्रवारी हे न चुकता करतात.

जिवतीच्या जोडीला सटवाई आणि शीतळा होत्या. बाळाच्या पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळी नशीब लिहिते, म्हणून ती रात्र जागून काढायची. नाळ कापताना जंतू शिरून होणारा धनुर्वात पहिल्या एक-दोन आठवड्यांतच बाळाला गाठतो. त्या रात्रीच्या धास्तीचं एक कारण हे असावं, असं मला वाटतं. मातांमधला आणि नवजात बाळांमधला धनुर्वात आटोक्यात आल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं भारताबाबत जाहीर केलं ते २०१५ साली. शीतळा ही देवीच्या रोगाची देवता. श्रावण शुद्ध सप्तमीला चूल न पेटवता आदल्या दिवशीचं थंड अन्न खाण्याचा तिचा रिवाज. देवीची लस भारतात पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. त्यानंतर रोग देशातून जायला १९७५ साल उजाडलं. त्याच वर्षी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हे नाव मिळालं. मुलं शाळेपर्यंत येत नसतील तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, ही कल्पना ताराबाई मोडकांची. १९४५ साली बोर्डीला त्यांचं ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू झालं होतं, अनुताई वाघ तिथे त्यांच्यासोबत होत्या. जिवतीकडे जे मागणं मागितलं जाई, त्यातलं बरंचसं अंगणवाडीतल्या लसीनं आणि पोषण आहारानं पदरात घातलं, हे मला कृतज्ञतेनं नोंदवावंसं वाटतं.

पिठोरीची कहाणी तर सरळ मेलेल्या मुलांचीच आहे. एका सुनेला दर श्रावण अमावास्येला मूल होई आणि लगेच जाई. त्याच दिवशी घरी सासऱ्याच्या वडिलांचं श्राद्ध असे, जेवायला आलेले ब्राह्मण उपाशी परत जात. शेवटी सासऱ्यानं तिला मेलेल्या मुलासकट घराबाहेर काढलं. रानात तिला चौसष्ट योगिनी भेटल्या, आणि त्यांच्या कृपेनं तिची सगळी मुलं परत जिवंत झाली. मुलाच्या मृत्यूचा दोष बाईच्या माथी मारून तिला हाकलून देणारं घर आणि तिला आसरा देणारं रान, हे त्या कहाणीत लख्ख दिसतं.

त्या संध्याकाळचा विधी मात्र मुलांना भलता आवडतो. आई खीर-पुरीचं वाण डोक्यावर घेऊन पाठमोरी बसते आणि विचारते, "अतिथी कोण?" मागून मूल म्हणतं, "मी!" आणि वाण उचलून घेतं. तीन वर्षांच्या पोराला हे एकदा केलं की पुरत नाही, पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. कहाणीतलं दुःख गळून जाऊन एवढा खेळ उरला, आणि पिठोरीचा दिवस अलीकडे मातृदिन म्हणूनही ओळखला जातो.

संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणाला अशी करुण कहाणी नाही. करी नावाच्या राक्षसाची दृष्ट लागू नये म्हणून ते करतात असं सांगतात, पण खरा जीव त्या दिवसांतल्या बाजारात आहे. पौषात बोरं, ऊस, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा सगळं एकदम येतं. मुलाला काळं झबलं घालून पाटावर बसवायचं, अंगावर हलव्याचे दागिने चढवायचे आणि चुरमुऱ्यांत कालवलेला हा सगळा माल त्याच्या डोक्यावरून ओतायचा. बाकीची पोरं तो लुटतात. हलवा घरी करणारी बाई आता क्वचित भेटते. मंद शेगडीवर परात ठेवून, तिळावर किंवा खसखशीवर पाकाचे दोन-तीन थेंब सोडायचे, बोटांनी हलकेच फिरवत राहायचं, ते सुकलं की पुन्हा थेंब. तासन् तास हे केल्यावर दाण्याला काटे फुटतात. मग ते दाणे दोऱ्यात गुंफून मुकुट, हार, बाजूबंद, मुलासाठी बासरी. असा दागिना बाळ दहा मिनिटांत चाटायला लागतं, आणि कुणी त्याला अडवतही नाही.

आता बोरन्हाणात गोळ्या-चॉकलेटांचा भरणा असतो. शक्य तिथे बोरं-ऊस परत यावेत असं मला वाटतं, कारण मुलाला हंगाम ओळखायला शिकवणारा इतका सोपा दिवस दुसरा नाही. मात्र एक काळजी घ्यायलाच हवी. शेंगदाणे, बोरं, फुटाणे, कडक गोळ्या चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतात, असं बालरोगतज्ज्ञ बजावतात. डोक्यावरून ओतावं, तोंडात जाऊ देऊ नये. वर्षाच्या बाळासाठी चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या पुरेशा आहेत.

मुलींच्या सणांमागे दुसरी धास्ती होती, सासरी जाण्याची. पुण्या-मुंबईकडे भोंडला, कोल्हापूर-साताऱ्याकडे हादगा, विदर्भ-खानदेशात भुलाबाई. पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरायचा, रोज एक गाणं आणि एक खिरापत वाढवायची, झाकलेला डबा हलवून आत काय आहे ते ओळखायचं. सूर्य हस्त नक्षत्रात असतो ते हे दिवस, म्हणून हत्ती. गाण्यांत मात्र सासू, नणंद, माहेरी जाऊ न देणारं घर. आठ-दहा वर्षांच्या पोरी हे का गात होत्या? कारण त्या वयात त्यांची लग्नं झालेली असत. संमतिवयाच्या कायद्यानं १८९१ साली मुलीशी शरीरसंबंधासाठीची वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली, तर केवढा वादंग माजला होता. मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवणारा सारडा कायदा १९२९ साली झाला. भोंडल्याची गाणी त्या आधीच्या छोट्या मुलींची आहेत. आज आपल्या पहिलीतल्या मुलीला ती शिकवताना हे तिच्या भाषेत सांगायला हरकत नाही. मुलं समजूतदार असतात.

शेतीच्या घरांत मुलांना स्वतःचा सण मिळाला तो पोळ्यातून. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. लाकडी बैल सजवून मुलं घरोघर जातात, त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मिळतो. नागपूरकर याचं श्रेय दुसऱ्या रघूजी भोसल्यांना देतात. मोठ्यांच्या सणाची लहान आवृत्ती मुलांच्या हाती द्यावी, ही त्यातली दृष्टी मोलाची आहे. घराण्यातला जुना नंदी पिढ्यान् पिढ्या जपून ठेवतात, आजोबांनी मिरवलेला बैल नातू ओढत नेतो.

दिवाळीतला किल्लाही मुलांच्याच मालकीचा. विटा, दगड, वर भिजवलेली पोती, त्यावर चिखलाचा लेप, उतारावर पेरलेले अळीव किंवा मोहरी, आणि माथ्यावर शिवाजी महाराज. गवत पाडव्यापर्यंत उगवायला हवं म्हणून पेरणीचा दिवस मुलं स्वतः मोजतात. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या गोठ्यासाठी नाचणी अशीच आधी रुजत घालतात. येशूजन्माचा देखावा मांडण्याची ती चाल इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली मांडलेल्या गोठ्यापासून रूढ झाली असं मानतात. चिखलात हात घालायची परवानगी मिळालेल्या मुलाचा आनंद दोन्हीकडे सारखाच.

गेल्या काही दशकांत या सगळ्याची मांडणी बरीच हलली. बोरन्हाण हॉलमध्ये होतं, भोंडला सोसायटीच्या गच्चीवर. बालवाड्यांत प्रत्येक सणाला पोशाख मागतात. आदल्या रात्री फेटा शोधत फिरणाऱ्या आई-वडिलांची दमछाक होते आणि मुलाच्या वाट्याला येतो तो बहुतेक फोटो. ज्या दिवसात मुलाला स्वतःच्या हातानं काही करता येतं तो त्याला वर्षभर आठवतो, म्हणून मला घरातला अर्धाकच्चा किल्ला भाड्यानं आणलेल्या पोशाखापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

सगळ्यात चांगला बदल मुलींच्या बाबतीत झाला आहे. जुन्या कहाण्यांतलं मागणं मुलग्यांसाठी होतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, म्हणजे मुलगी जगावी ही प्रार्थना आपल्याकडे फार उशिरापर्यंत अपुरी राहिली. आज जिवतीच्या शुक्रवारी मुलीही पाटावर बसतात, तान्ह्या पोळ्यात त्यांचेही बैल असतात, भोंडल्यात मुलगे फेर धरतात.

आई-वडील दोघंही नोकरीला, किंवा घर परदेशात, अशा ठिकाणी तारखांची कसरत ठरलेली. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये झालं, आणि परदेशातल्या मंडळांचे कार्यक्रम बहुधा शनिवार-रविवारीच होतात. घरच्या सणांत तेवढीही अडचण नाही. बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं, जिवतीला श्रावणातले चार-पाच शुक्रवार मिळतात, भोंडल्याच्या फेराला एक संध्याकाळ पुरते आणि किल्ला बाल्कनीतल्या परातीतही उभा राहतो.