याकुशिमा: उपाशी खडकावरचं दीर्घायुषी रान

जपानच्या क्यूशू बेटाच्या दक्षिण टोकापासून साधारण ६० किलोमीटरवर, समुद्रातून थेट डोंगरच वर आलेला दिसतो. ते याकुशिमा. क्षेत्रफळ जेमतेम ५०० चौरस किलोमीटर, आकार जवळजवळ गोल, आणि मधोमध १,९३६ मीटर उंचीचं मियानौरा शिखर. कळसूबाई १,६४६ मीटर आहे, हे लक्षात घेतलं की या छोट्याशा बेटावरचा चढ किती उभा असेल याचा अंदाज येतो.

सगळी गंमत या चढात आहे. बेटाजवळून कुरोशिओ हा उबदार सागरी प्रवाह जातो. त्यावरून येणारी दमट हवा डोंगराला धडकते, वर चढते, थंड होते आणि कोसळते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात हेच घडतं. याकुशिमात मात्र ते वर्षभर चालू असतं. किनाऱ्यावर वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि डोंगरात ८,००० ते १०,००० मिलिमीटर. हिवाळ्यात शिखरांवर बर्फ साचतो, तर खाली किनाऱ्यावर पारंब्या सोडलेली नांदरुकाची झाडं हिरवीगार उभी असतात. उष्ण प्रदेशाची झाडी, मग सदाहरित रान, मग सूचीपर्णी वृक्ष आणि माथ्यावर खुरटा बांबू, असे सगळे थर एकाच उतारावर ओळीने दिसतात. युनेस्कोने १९९३ साली या बेटाच्या काही भागाला जागतिक वारसा ठरवलं, त्यामागे हेही एक मोठं कारण होतं.

पण मला सर्वात जास्त भुरळ पडते ती इथल्या खडकाची. बेटाचा गाभा ग्रॅनाइटचा आहे, सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली शिलारस थिजून तयार झालेला. ओढ्यातल्या एखाद्या गुळगुळीत धोंड्याजवळ वाकून पाहिलं, तर करड्या दगडात बोटाच्या पेरांएवढे पांढरे चौकोनी तुकडे बसलेले दिसतात. हे फेल्डस्पारचे स्फटिक. शिलारस सावकाश निवला, म्हणून त्यांना एवढं वाढायला सवड मिळाली.

हा खडक झाडांना फारसं काही देत नाही. त्यावर मातीचा थर पातळ, त्यात पोषण कमी, आणि जे थोडंफार असतं तेही पाऊस धुऊन नेतो. त्यामुळे इथला सुगी हा सूचीपर्णी वृक्ष अतिशय हळू वाढतो. (दार्जिलिंगच्या रस्त्यांवर ‘धुपी’ नावाने दिसतो तोच हा वृक्ष, तो जपानमधूनच तिथे गेला.) वाढ मंद, म्हणून वर्षवलयं एकमेकांना चिकटलेली, लाकूड घट्ट आणि राळेने भरलेलं. राळ बुरशीला आणि किड्यांना दाद देत नाही. परिणामी, जिथे झाडाला पोटभर खायला मिळत नाही, तिथेच ते हजारो वर्षं जगतं. हजारी ओलांडलेल्या झाडालाच इथले लोक ‘याकुसुगी’ म्हणतात. त्याखालचा तो ‘कोसुगी’, म्हणजे लहान सुगी.

यांतला सर्वात प्रसिद्ध म्हणजे जोमोन सुगी. उंची २५ मीटरच्या आसपास, बुंध्याचा घेर १६.४ मीटर. त्याचं वय २,१७० पासून ७,२०० वर्षांपर्यंत काहीही सांगितलं जातं. खोड आतून पोकळ असल्यामुळे सर्वात जुनं लाकूडच उरलेलं नाही. कार्बन पद्धतीने आतल्या लाकडाचं वय २,१७० वर्षं निघालं, तेव्हा झाड निदान तेवढं तरी जुनं आहे. मोठ्या आकड्याबद्दल मी साशंक आहे, कारण सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी शेजारच्या किकाई ज्वालामुखीच्या प्रचंड उद्रेकातले तप्त राखेचे लोट या बेटापर्यंत पोहोचले होते, आणि त्यानंतर इतक्या लवकर इथे झाड रुजलं असेल असं वाटत नाही.

ही झाडं माणसाच्या कुऱ्हाडीतून कशी वाचली, हेही ऐकण्यासारखं आहे. एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) छपराच्या फळ्यांसाठी इथे जोरात तोड झाली. या फळ्या कर म्हणूनही भरल्या जात. फळी सरळ चिरली जायला खोड सरळसोट लागतं. वाकडी, गाठाळ, पिळवटलेली झाडं तोडणाऱ्यांनी सोडून दिली. आज आपण ज्यांच्यापुढे मान वर करून उभे राहतो, त्यांतली बरीचशी ही अशी नाकारलेली आहेत. तेव्हाचे बुंधेही राळेमुळे अजून कुजलेले नाहीत, आणि त्यांच्यावर नवे सुगी उगवले आहेत. बेटावरच्या जुन्या बुंध्यांत विल्सनचा बुंधा सर्वात मोठा. वनस्पतिशास्त्रज्ञ अर्नेस्ट विल्सन १९१४ साली इथे आले होते, त्यांचं नाव त्याला मिळालं. आत खोलीएवढी पोकळी आहे, तिच्यातून झरा वाहतो, आणि एका कोपऱ्यातून वर पाहिलं की आकाश बदामाच्या आकाराचं दिसतं.

किनाऱ्याकडे ८८ मीटरचा ओको धबधबा आहे. हिराउचीचं गरम पाण्याचं कुंड ओहोटीच्या सुमारासच उघडं पडतं; एरवी ते समुद्राखाली असतं. नागाताच्या वाळूत मे ते जुलैमध्ये लॉगरहेड कासविणी रात्री अंडी घालायला येतात. तिथे टॉर्च आणि फ्लॅश कटाक्षाने टाळावा. उजेडाने बिचकून त्या अंडी न घालताच परत फिरतात.

जोमोन सुगीची वाट जाऊन-येऊन २२ किलोमीटरची, त्यातली बरीचशी जुन्या लाकूड-रेल्वेच्या रुळांवरून. जवळपास दहा तास लागतात, आणि शेवटी झाड पाहायचं ते मुळं तुडवली जाऊ नयेत म्हणून बांधलेल्या मचाणावरून, लांबूनच. पायात तेवढं बळ नसेल तर हट्ट करू नये. शिरातानी उनसुइक्योच्या घळीत शेवाळाने मढलेले धोंडे आणि मुळं हाताच्या अंतरावर भेटतात. ‘याकुसुगी लँड’मध्ये तर अर्ध्या तासाची लाकडी पायवाटही आहे, आणि म्हाताऱ्या आई-वडिलांनाही तिच्यावरून हजार वर्षांच्या झाडांपाशी नेता येतं.