टाकी भरलेली, तरी इंजिन बंद: व्हेंट तुंबला की व्हेपर लॉक?

आमच्याकडं परभणीत ट्रॅक्टर चालता चालता बंद पडला की पहिलं वाक्य ठरलेलं, "एअर घेतली", म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरली. स्क्रू सैल करायचा, हातपंप मारायचा, बुडबुडे थांबले की आवळायचा. डिझेलला ते बरोबर आहे. पण घरी छोटं विमान बांधायला घेतलेली पोरंपण पंखातल्या टाक्यांचं काहीही बिघडलं की एअर लॉकच म्हणायलेत, आणि तिथं दोन वेगळे रोग आहेत.

पहिला, व्हेंट तुंबणं, म्हणजे टाकीत हवा आत यायचं भोक बंद होणं. माझी जुनी मोटरसायकल जिंतूर रोडला दर सात-आठ किलोमीटरला बंद पडायची. टोपण उघडलं की फुस्स आवाज, मग एका किकमध्ये चालू. टोपणाच्या बारीक भोकात माती बसलेली, टाचणीनं काढली आणि विषय संपला. पेट्रोल खाली जातं तितकी हवा वरून आत यायलाच पाहिजे, नाहीतर टाकीच पेट्रोल ओढून धरते. वरच्या पंखाच्या विमानात पेट्रोल नुसतं उतारानं येतं, ६० सेंटीमीटर उंचीचा दाब जेमतेम ४ किलोपास्कल, बाहेरच्या हवेचा १००च्या आसपास, म्हणजे टाकीत थोडी जरी ओढ तयार झाली तरी धार बंद. टाकी गच्च भरलेली असली तर अजून लवकर, कारण वर हवेला जागाच नसते. कुंभारीण माशी उभ्या विमानाच्या व्हेंटमध्ये मातीचं घर करते, म्हणून रोज बघायचं, आणि बांधतानाच हवा आत यायला दुसरी वाट ठेवायची.

दुसरा, व्हेपर लॉक. यात काहीच तुंबलेलं नसतं, पेट्रोलचीच पाइपात वाफ होते. खालच्या पंखाच्या विमानात हे जास्त, कारण इंजिनवरचा पंप खालून पेट्रोल ओढतो, ओढलं की दाब कमी, आणि दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानालाच उकळतं. त्यात आपला मे महिना, ४२-४३ डिग्री, इंजिन बंद करून वीस मिनिटं उन्हात उभं केलं की वारा नसल्यानं झाकणाखालचे पाइप अजूनच तापतात. विमानाच्या पेट्रोलचा बाष्पदाब, म्हणजे वाफ व्हायचा जोर, ३७.८ डिग्रीला ३८ ते ४९ किलोपास्कलमध्ये बांधलेला असतो, गाडीच्या पेट्रोलचा त्याहून जास्त, थोडं इथेनॉल मिसळलं की अजून वाढतो. म्हणून इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ, खाली बसवा, पेट्रोल ओढायचं नाही, ढकलायचं. सायलेन्सरपासून पाइप लांब, वरून उष्णतेचं कव्हर, आणि मध्ये कुठं उंटाच्या पाठीसारखा उंचवटा नको, वाफ तिथंच जाऊन बसते.

हवेत टोपण उघडून बघता येत नाही. टाकी बदलल्यावर इंजिन सुधारलं तर आधी त्या टाकीच्या व्हेंटवर संशय घ्या, इलेक्ट्रिक पंप लावल्यावर सुधारलं तर बहुतेक वाफ. पण बंद पडायला लागलं की दोन्ही लगेच करा, रोग कुठला ते खाली उतरल्यावर शोधा.

उडायच्या आधी धारेची टेस्ट घ्याच. नाक चढाईच्या कोनात वर करून इंजिनकडचा पाइप सोडायचा आणि मापात पेट्रोल घ्यायचं. टेकऑफला इंजिन तासाला २४ लिटर पीत असेल तर उताराच्या सिस्टिमला दीडपट म्हणजे ३६ लिटरची धार पाहिजे, पंपाला सव्वापट म्हणजे ३०. आणि टोपण घट्ट लावूनच, माझ्या ओळखीच्या एकानं ते काढून ठेवलं होतं, आकडा मस्त आला आणि तुंबलेला व्हेंट तसाच राहिला.